एडक्याचा परवाना

शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचे नियम बदलायचे म्हणून वन्यजीव खात्याने मार्चमध्ये कोबर्न गावच्या शाळेत सभा बोलावली. वर्ल ऑस्ट्रँडर बर्फातून चाळीस मैल पिकअप हाकत गेला. परवान्याची काळजी होतीच, पण त्या आठवड्यात तो कुणाशी एक शब्दही बोलला नव्हता, हेही कारण होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं.

आमच्या डोंगरातल्या मोठ्या शिंगांच्या रानएडक्यांचे वर्षाला सहाच परवाने निघतात आणि अर्ज हजारांनी येतात. ज्याचं नाव निघत नाही त्याला एक पॉइंट मिळतो. ज्याचे पॉइंट जास्त, त्याचा नंबर आधी. वर्लकडे बावीस होते. आता खातं म्हणत होतं, पॉइंट रद्द करू आणि सगळी नावं एकाच पिंपात टाकू. काल अर्ज केलेला आणि वीस वर्षं थांबलेला, दोघे सारखेच.

बास्केटबॉलच्या हॉलमध्ये शंभर-दीडशे माणसं होती. कुणी न सांगताच म्हातारे एका बाजूला बसले होते आणि तरुण दुसऱ्या. शहरातून येणाऱ्यांना शिकारीवर नेणारा एक धंदेवाला म्हणाला, शब्द मोडणाऱ्या खात्यावर पुढे कोण विश्वास ठेवेल? एका तरुण गवंड्याने गणित मांडलं की त्याने आज पहिला अर्ज टाकला, तर नंबर लागायला एकशे दहा वर्षं लागतील. मागून कुणीतरी म्हणालं, "मग दूध पी आणि व्यायाम कर." तरुणसुद्धा हसले.

वर्ल उभा राहिला. न वापरलेला आवाज घशात चिकटला होता. तो दोनदा खाकरला.

"बावीस वर्षं मी रांगेत उभा आहे," तो म्हणाला. "आता खिडकी समोर दिसायला लागली, तर तुम्ही रांगच मोडताय."

पलीकडून टेसा ब्रँडव्होल्ड उठली. ती दवाखान्यात नर्स होती, ड्यूई ब्रँडव्होल्डची मुलगी. ड्यूई आणि वर्लने तीस वर्षं एकत्र शिकार केली होती. एडक्याचा पहिला अर्जही दोघांनी ड्यूईच्याच स्वयंपाकघरात बसून भरला होता. तीन वर्षांपूर्वी ड्यूई कर्करोगाने गेला.

"माझे बाबाही त्याच रांगेत होते, वर्लकाका," ती म्हणाली. "एकोणीस पॉइंट घेऊन गेले. पाय असतात तेव्हा परवाना नाही, आणि परवाना येतो तेव्हा पाय नसतात. असली रांग मोडलेलीच बरी."

वर्ल खाली बसला. तो पायांचा विचार करत नव्हता. ड्यूईच्या आजारपणात तो त्याला एकदाही भेटायला गेला नव्हता, आणि हे टेसाला माहीत होतं.

नवा नियम मंजूर झाला, पण पुढच्या वर्षापासून. जुन्या पद्धतीची शेवटची सोडत मेमध्ये निघाली आणि तीत वर्लचं नाव आलं.

पत्र हातात घेऊन तो टपालपेटीपाशी बराच वेळ उभा राहिला. मग घरात येऊन फोन उचलला आणि कुणाला सांगायचं हेच त्याला कळेना. शेवटी गावात जाऊन पिकअपमध्ये पेट्रोल भरलं. काउंटरवरच्या बाईला त्याने सांगितलं की एडक्याचा परवाना मिळाला. ती म्हणाली, "अरे वा. पावती हवी का?"

उन्हाळाभर तो पाठीवर वीस किलो मिठाचं पोतं घेऊन घरामागची टेकडी चढला. उतरताना उजवा गुडघा सुजायचा. ऑगस्टमध्ये त्याने टेसाला फोन केला आणि सोबत येशील का, असं विचारलं.

"मन हलकं करायला बोलावताय, की ओझं वाहायला?" तिने विचारलं.

"ओझं वाहायला."

"मग येते," ती म्हणाली.

सप्टेंबरात दोघं वर गेली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी खिंडीखालच्या घसरड्या दगडांवर वर्लचा गुडघा मुरगळला. टेसाने पट्टी घट्ट बांधली. तिच्या खांद्याचा आधार घेत तो कसाबसा खिंडीत पोहोचला, पण पुढे पाऊल टाकता येईना. दरीपलीकडे तीन एडके उन्हात बसले होते. दुर्बिणीतून त्यांची शिंगं स्पष्ट दिसत होती. तिथे पोहोचायला धडधाकट माणसाला अर्धा दिवस लागला असता, आणि परवाना दुसऱ्याला देता येत नाही.

दोघं एडक्यांकडे बघत बसली. वर्लने चीजचे तुकडे कापले.

"बाबांना भेटायला का नाही आलात?" टेसाने विचारलं.

"दोनदा आलो होतो," तो म्हणाला. "फाटकाशी गाडी थांबवली. काय बोलायचं ते सुचेना. परत गेलो."

"त्यांना माहीत होतं. पलंग खिडकीशी होता, गाडी दिसायची. म्हणायचे, येईल तो. त्याला वेळ लागतो."

वर्लने चाकू पुसून मिटला. डोळे मात्र पुसले नाहीत. बऱ्याच वेळाने एडके उठले आणि एकामागून एक कड्याआड गेले.

पट्टी बांधून तो पुढे दोनदा एकटाच गेला, पण खालच्या ओढ्यापलीकडे चढता आलं नाही. हंगाम संपला. टेसा पहिल्या बर्फानंतर एकदा पाव घेऊन आली, पंधरा मिनिटं बसली आणि कामावर गेली.

डिसेंबरात खात्यातून एका मुलीचा फोन आला. कुठल्याही जनावराचा परवाना मिळालेल्या सगळ्यांनाच ते विचारतात. किती दिवस शिकार केली? नऊ. जनावर मिळालं का? नाही. किती दिसले? तीन. तिचे प्रश्न संपले, पण वर्ल बोलतच राहिला. खिंड कशी आहे, ऊन कुठून येत होतं, ड्यूई कोण होता, सगळं सांगितलं. तिने मध्ये तोडलं नाही. शेवटी ती म्हणाली की यादीत पुढे अजून बरीच नावं आहेत.

"हो, हो," वर्ल म्हणाला. "करा तुमचं काम."

फोन ठेवून तो उठला आणि सूप गरम करायला ठेवलं.