हजेरीच्या आधी

रमाकांत गुप्तेने तिसरा कागद फाडला, तेव्हा मासेवाली सोनूबाई दारातच विळी मांडून बांगडे साफ करत होती. तिने मान वर केली, टेबलाखालचे तुकडे पाहिले आणि पुन्हा खाली बघून हात चालवू लागली.

"अहो, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" मृणालिनी स्वयंपाकघरातून ओरडली. "बसा की एका जागी! सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या चालल्यात."

बसवतच नव्हतं त्याला. खुर्चीत टेकायचा, दोन ओळी लिहायचा, की निघाला खिडकीशी. खिडकीतून दिसणार तरी काय? समोरच्या इमारतीला बांधलेली हिरवी जाळी. हल्ली दादरला जिकडे बघावं तिकडे ही जाळी.

शुक्रवारी सोनूबाईने वर्तमानपत्राचं एक कात्रण आणलं होतं. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा बदलायचं विधेयक विधिमंडळात आलं होतं, आणि त्यावरच्या समितीने लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. युनियनच्या कोंडीरामने नवव्या कलमाभोवती लाल पेनाने गोल काढला होता. हजेरी नोंदल्यानंतर झालेला अपघात तेवढाच कामावरचा धरायचा, त्याआधी काही झालं तर मालक जबाबदार नाही. आणि हे आधीपासून चालू असलेल्या दाव्यांनाही लागू.

सोनूबाईचा मुलगा कल्पेश लालबागला एका टॉवरच्या बांधकामावर होता. मालाची लिफ्ट कोसळून त्याचा डावा पाय गुडघ्याखालून तुटला, तो सकाळी सव्वाआठला. ठेकेदार हजेरीचा अंगठा घेतो नऊला. तोवर निम्मा माल वर चढवून झालेला असतो. दावा वर्षभर चालू आहे. कलम मंजूर झालं, की पोराच्या हातात काहीच उरत नाही.

"दादा, तू विमा कंपनीत व्हतास ना, कोर्टकचेरीच्या खात्यात?" सोनूबाई म्हणाली होती. "मग तूच लिव. कोंडीरामचं कोण वाचतंय?"

ती सगळ्यांनाच 'तू' म्हणायची, न्यायाधीश समोर आला असता तरी. आणि खरं सांगायचं तर गुप्तेसाहेबांची कळी खुलली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारी सोडल्या, तर त्याच्याकडून कोणी काही लिहून घेतलं नव्हतं. त्याने लगेच चष्मा लावला.

पाटी डोक्यावर घेता घेता ती म्हणाली, "कल्पेशच्या बापाचं पण असंच झालं बघ. कॉटन ग्रीनला बर्फाच्या कारखान्यात व्हता. लहू."

ती जिना उतरून गेली तरी रमाकांत दारातच उभा होता.

बावीस वर्षांपूर्वीची केस. बर्फाची लादी छातीवर पडून लहू गेला, पहाटे पाचला. पाळी सहाची. विमा कंपनीतर्फे चौकशीला रमाकांतच गेला होता. तिथला फोरमन चिंतामणी सरळ माणूस, बोलून गेला की गाड्या पाचला लागतात, म्हणून माणसांना आम्ही पाचलाच बोलावतो. हजेरीचं पुस्तक मात्र सहाला उघडतं. रमाकांतने ते वहीत उतरवून घेतलं आणि फाइलला लावलंच नाही. उलट जबाब तयार केला, की मयताची बायको मासे विकते, तिच्या पाटीसाठी बर्फ न्यायला तो आपल्या खाजगी कामाने लवकर आला होता. ही शक्कल पूर्णपणे त्याची. वकिलांनी पाठ थोपटली, दावा फेटाळला गेला, आणि रमाकांत घरी येऊन पोटभर जेवला होता. आता नववं कलम वाचताना त्याला वाटत होतं, आपलाच जबाब कोणीतरी कायद्यात नेऊन घातलाय.

तेव्हापासून दोन दिवस त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि आज रविवार, बाई कागद न्यायला आलेली.

"झालं का रं, दादा?" सोनूबाईने बांगडे धुऊन पातेल्यात टाकले, हात पदराला पुसले. "वाच की जरा."

त्याने चौथा कागद उचलला. "सदर कलमातील तरतूद कामगारांच्या हिताच्या दृष्टीने काहीशी जाचक असल्याने तिचा सहानुभूतिपूर्वक फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती..."

"हे कोण ऐकणार? यात काय दम नाय." तिने एका हाताने ते वाक्य जणू झटकून टाकलं. "लहूची गोष्ट कुठं हाय यात?"

"जुनी केस आहे ती, सोनूबाई. समितीला पुरावा लागतो. माणसांना पाचला बोलवायचे आणि हजेरी सहाला, हे आज कोण सांगणार? तो फोरमनही आता हयात नसेल."

बोलून झालं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. फोरमनचं नाव तिने काढलंच नव्हतं.

सोनूबाईने विळी आडवी केली.

"तू सांग ना," ती म्हणाली.

"मी?"

"चिंतामणीनं तुला सांगितलं, तवा मी तिथंच व्हते. लाद्यांच्या पलीकडं. लहूचा डबा नि कपडे न्यायला आलेले. तू वहीत लिवून घेतलंस. मला वाटलं, चला, साहेबानं लिवलं, आता काळजी नाय. मग कोर्टात तू वकिलाच्या मागं बसून कागद पुढं सरकवत व्हतास. त्यातला तो कागद काय आला नाय. मी सांगितलं, ते कुणी धरलं नाय."

रमाकांत खुर्चीत बसला. या खेपेला उठावंसं वाटलं नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आठ वर्षं तुम्ही या दारात येताय," तो कसाबसा म्हणाला.

"पहिल्याच दिवशी वळखला तुला. शिव्या घालायच्या व्हत्या, चांगल्या आख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातील अशा. पण दार वहिनीनं उघडलं. उन्हातून आलीस म्हणाली, पाणी दिलं. मग राहूनच गेलं." ती पाटीला टेकून बसली. "पुढल्या मंगळवारी परत आले, तवा पण राहिलं."

लाज वाटली त्याला. अशी लाज त्या माणसाला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आता मला लहूचं काय नको," सोनूबाई म्हणाली. "तो गेला. कल्पेशचं वाचव. तुझा कागद टिकतो, मी बघितलंय. म्हणून तुझ्याकडं आले."

"मग ते माझ्याच नावाने लिहावं लागेल. मी खोटा जबाब तयार केला, असं. माझ्या सहीने."

"हां. तुझ्याच."

त्याने कोरा कागद ओढला. या वेळी लेखणी अडली नाही. 'मी, रमाकांत गुप्ते, त्या वेळी विमा कंपनीच्या सेवेत असून...' फोरमनचं बोलणं, पाचची वेळ, सहाची हजेरी, फाइलला न लावलेला कागद, बर्फाची बनावट गोष्ट. शेवटी लिहिलं, 'हजेरीची वेळ मालकाच्या हातात असते, हे मला माहीत होते, आणि तिचा उपयोग कसा करायचा हेही.' तिथे त्याने सही केली, तारीख घातली.

मृणालिनी केव्हाची दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्याने तिच्याकडे बघायचं टाळत कागद पुढे केला.

"तू वाचून दाखव त्यांना. माझा चष्मा..."

मृणालिनीने कागद हातात घेतला. पहिल्या दोन ओळींवरून तिची नजर फिरली आणि तिथेच थांबली.

"नाय वहिनी," सोनूबाई म्हणाली. "त्याचं त्यालाच वाचू दे."

मृणालिनीने कागद परत त्याच्या हातात दिला आणि सोनूबाईच्या शेजारी जमिनीवर बसली. रमाकांत उभा राहिला. घसा खाकरला, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला.