उष्टं धरून

"नेहमीचंच खाल्लं हो," मी तिसऱ्यांदा म्हणाले.

"नेहमीचं म्हणजे काय? या नावाचा पदार्थ मी तरी ऐकलेला नाही." आरोग्य खात्याच्या बाई गुडघ्यावर फॉर्म धरून समोर बसल्या होत्या. चष्मा नाकावर घसरलेला. महिन्याभरात आमच्या भागातल्या चार गरोदर बायका तापानं आजारी पडल्या होत्या, म्हणून कुणी काय खाल्लं ते विचारत त्या घरोघरी फिरत होत्या. मला सातवा महिना होता, आणि दोन दिवस अंगात कसकस. डॉक्टरांनी फ्लू म्हटलं होतं. माझ्या मनात मात्र नको नको ते येत होतं.

"चीज?"

"छे! मी एम.एस्सी. आहे. या दिवसांत मऊ चीज खायचं नसतं, पाठ आहे मला."

"घरात येतं?"

"लेकीसाठी. कोपऱ्यावरच्या डेअरीतलं, ताजं."

"ती सगळं संपवते?"

"कसली संपवते! दोन घास खाते आणि पळते."

"मग उरलेलं?"

मी सिंककडे पाहिलं आणि सांगून टाकलं. सिंकपाशी उभ्याउभ्या, बशी विसळायच्या आधी मी ते तोंडात टाकायची. रोज. लेकीचं उष्टं. ते खाण्यात मी कधी धरलंच नव्हतं.

"कुठलीच आई धरत नाही," बाई म्हणाल्या. "मी तीन पोरांचं उष्टं खाऊनच अशी गोल झाले. उठा. लेकीलाही घ्या, तपासतील. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

माझ्या रक्तात जंतू सापडले. लेक ठणठणीत होती. दोन आठवडे माझ्या हाताला सुई होती. डेअरीतलं चीज न तापवलेल्या दुधाचं निघालं. ते बंद झालं.

बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर त्याला घेऊन मी बाईंच्या ऑफिसात गेले.

"तुमच्यामुळे हा..."

"मी काय केलं? विचारत फिरले. बावीस वर्षं तेच करतेय. आमचे हे म्हणतात, हिला भोचकपणाचा पगार मिळतो."

"पण उष्ट्याचं तुम्हाला सुचलं कसं?"

बाईंनी चष्मा काढला.

"मला नाही सुचलं. तुमच्या आधी एक जण होती. तिचं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्याच दिवशी मी फॉर्म घेऊन तिच्या खाटेपाशी. मलाच लाज वाटत होती. ती म्हणाली, विचारा ताई. दोन तास एकेक आठवून सांगत होती. मी निघाले, तर तिनंच हाक मारली. थोरल्याचं उष्टं धरायचं का, म्हणाली."

"नाव काय त्यांचं?"

"ते नाही सांगता येत."

बाळ चुळबुळलं. बाई उठल्या, कोपऱ्यातल्या नळावर गेल्या. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश कोरडे केले आणि मग बाळासाठी पुढे केले.