‘ड्रॉ’चं लांबलेलं काम

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामात मोठमोठे शब्द भाव खातात, पण घाम काढतात ते इवलेसे. म्हणून कोशाचं संपादन करणाऱ्या बाईंच्या कार्यालयात नाठाळ क्रियापदं शेवटी ठेवायची पद्धत होती. सगळी उरकली आणि इंग्रजीतला ‘ड्रॉ’ तेवढा उरला. अर्थ काय, तर ओढणे. वरवर अगदी गरीब गाय!

समोरच्या टेबलावरच्या सहसंपादकांना सगळे पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणत, कारण ते दर चार शब्दांनी थांबत. कोश संपला की ते मुलीकडे परदेशी जाणार होते, कायमचे. बाईंच्या घरी बोलायला कुणी नव्हतं. त्यांचं जे काय बोलणं व्हायचं ते ह्या दोन टेबलांच्या मधे. ‘ड्रॉ’ संपूच नये, असं त्यांना मनापासून वाटे.

मग काय, बाईंनी शब्द ताणायला घेतला. पडदा ओढणं, विहिरीतून पाणी काढणं, खोल श्वास घेणं. चित्र काढण्याचा ओढण्याशी काय संबंध? कागदावरून पेन्सिल ओढतात म्हणून. त्यावर एक आठवडा गेला. सामना बरोबरीत सुटतो त्यालाही ‘ड्रॉ’ का म्हणतात, ह्यावर आणखी एक.

व्युत्पत्तीला तर ऊतच आला. जुन्या इंग्रजीत तो ‘द्रागन’ होता, ‘ड्रॅग’ त्याचाच भाऊबंद. जर्मनमधला नातेवाईक मात्र ओढत नाही, वाहून नेतो.

“एकाच घरातले. एक ओझं फरफटवतो, दुसरा... उचलून घेतो,” स्वल्पविराम हसून म्हणाले. बाईंना ते हसणं दिवसभर पुरलं.

अखेर मुख्य संपादकांनी दम भरला: पान उद्या छापखान्यात गेलंच पाहिजे. संध्याकाळी स्वल्पविरामांनी पेनाला टोपण लावलं.

“बाई, काही राहिलं का?”

“राहिलंय. तुम्ही जाऊ नका.”

ते थांबले. नेहमीपेक्षा फारच थांबले.

“हे... आज सांगताय?”

“धीर होत नव्हता हो.”

“उन्हाळाभर वाट बघितली मी. रोज वाटायचं, आज म्हणतील.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“लोक मला उगाच स्वल्पविराम म्हणतात का?”

दोघंही हसले, आणि हसता हसता बाईंना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही.

“घर विकलं. काल किल्ल्या देऊन आलो,” ते हळूच म्हणाले. “लेकीनं खोली रंगवून ठेवलीय माझ्यासाठी. रंग कुठला हवा, ते... दोनदा विचारलं तिनं. आता तिला नाही कसं म्हणू?”

बाईंनी मान हलवली. त्या लेकीला नाही म्हणा, असं त्यांच्याही तोंडून निघालं नसतं.

प्रत्येक पानावर दोघांची सही लागायची. बाईंनी डोळे पुसले, आपली सही केली आणि पान त्यांच्याकडे सरकवलं.