शून्य किलो कचरा

करिश्माला चारचौघांत बोलायची भीती कधी वाटलीच नाही. भीती वाटायची ती तिच्या बोलण्याची, आणि तीही दुसऱ्यांना. सातवीतली ही पोर खरं बोलायची आणि मोठ्यानं बोलायची. यातलं एकच असतं तर लोकांनी चालवून घेतलं असतं. येडशीपासून कोसभरावरच्या तिच्या गावातल्या शाळेचं फिनलंडमधल्या एका शाळेशी नातं जुळलं आणि महिन्यातून एकदा पडद्यावर त्या पोरांशी बोलायची वेळ आली, तेव्हा बलभीम सरांनी डोळे झाकून तिचंच नाव पुढं केलं.

दोन्ही शाळांनी मिळून पृथ्वी राखायचा अभ्यास घेतला होता. पहिलं काम सोपं होतं. आठवडाभर घरात जो कचरा निघेल तो पिशवीत साठवायचा, शनिवारी शाळेच्या ओट्यावर काट्याला लटकवायचा आणि आकडा फळ्यावर लिहायचा. तिकडं घरटी नऊ किलो भरला. इकडं तेवीस पोरांनी तेवीस पिशव्या लावल्या, पण काटा काही जागचा हलेना. भाजीची देठं शेळ्यांनी खाल्लेली, राखेनं भांडी घासलेली, जुनी लुगडी गोधडीत गेलेली. काटाच बिघडला असेल म्हणून वर्गातल्या समर्थनं तो दोन्ही हातांनी ओढून बघितला. काटा ठणठणीत होता.

सरांनी फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं. आजवर या शाळेत शून्य मिळालं की पोरांची मान खाली जायची, या शून्यानं ती वर गेली. तिकडच्या हेलेना बाई तर हरखूनच गेल्या. त्यांनी निरोप धाडला की तुमच्या घरांची रीत लिहून काढा, पुढच्या गुरुवारी वाचून दाखवा, आम्ही तिची पुस्तिका करून आमच्या घरोघरी देऊ. ते ऐकायला जिल्ह्याच्या कार्यालयातले साहेबही येणार असं ठरलं. लिहायचं काम अर्थातच करिश्माकडं आलं.

मंगळवारी सकाळी ती चुलीपाशी वही घेऊन बसली. बाप मेंढरं घेऊन रानात गेला होता आणि आई, शिवगंगा, भाकरीचं पीठ मळत होती. देठं झाली, राख झाली, गोधडी झाली. मग तेलाची पिशवी आली आणि पेन्सिल थांबली. तेलाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, खाऊची वेष्टनं, हे सगळं घरात येतं तर खरं. शेळी काही ते खात नाही. मग जातं कुठं? इथंच घोडं पेंड खात होतं.

“आई, तेलाची रिकामी पिशवी कुठं जाती गं?”

कोनाड्यात खोचलेली पिशवी शिवगंगानं ओढली, काडी लावली आणि सरपणाखाली सारली. “गवऱ्या वल्या हायत. पिशवी नसली तर सकाळची भाकरी दुपारी खाशील.”

काळा धूर वर आला. शिवगंगानं सवयीनं मान फिरवली आणि सवयीनंच खोकली. करिश्मा जन्मापासून या वासात वाढली होती, पण आज पहिल्यांदा तिला तो नकोसा झाला. एवढे दिवस आपण शून्याचा तोरा मिरवला याची तिला लाजही वाटली.

शाळेत पोचल्या पोचल्या तिनं सरांना गाठलं. सर स्टुलावर चढून पडद्याची वायर भिंतीला ठोकत होते.

“सर, आपलं शून्य खोटं हाय.”

“कोण म्हणतं?”

“म्या म्हणते. प्लास्टिक आमी चुलीत जाळतो, सर. काट्यावर यायच्या आधीच.”

सर खाली उतरले. आधी त्यांनी दार लोटलं. “हळू बोल.”

“हळूच बोलायलेय.”

“हे बघ पोरी, तेवीस पोरांची शाळा हाय आपली. कवाबी बंद करून येडशीच्या शाळेत घालतील. मग पोरं जातील सायकलीवर, पण तुम्हा पोरींना हायवेवरून कोण धाडतंय? ह्या शून्यामुळं साहेब पहिल्यांदा आपल्या दारात येणार हायत. देठाचं वाच, राखेचं वाच. तेवढी तेलाची पिशवी सोड. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

सर वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या पगारातून त्यांनी पोरांना पुस्तकं घेऊन दिली होती. करिश्माला त्यांचा राग आला, पण ते चूक बोलतायत असंही तिला म्हणता येईना. शाळा मिटली तर तिचं शिक्षण सातवीतच मिटणार होतं. दोन दिवस ती इतकी गप्प राहिली की शेजारी बसणाऱ्या निकितानं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

गुरुवारी दुपारी वर्ग खचाखच भरला. साहेब मागच्या खुर्चीत बसले. पडद्यावर हेलेना बाई आणि त्यांची पोरं दिसली. करिश्मा मराठीत वाचत होती आणि सर एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. देठाला टाळ्या पडल्या, राखेला पडल्या, गोधडी दाखवल्यावर तर पलीकडची पोरं उठून उभी राहिली. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर करून काहीतरी विचारलं.

सर करिश्माकडं वळले. “ती विचारती, प्लास्टिकचं काय करता?”

करिश्मानं सरांकडं बघितलं. सरांनी नजरेनंच विनवलं. तिनं वही मिटली.

“जाळतो,” ती म्हणाली, नेहमीसारखी मोठ्यानं. “चुलीत घालतो. आई धूर घेती आन् खोकती. काट्यावर आला न्हाय म्हणून कचरा न्हाय, असं न्हाय. तुमी आमच्यासारखं करायला जाल आन् फसाल. पुस्तिकेत आधी हे लिवा.”

आता सगळं सरांच्या जिभेवर होतं. त्यांनी इंग्रजीत काहीही ठोकून दिलं असतं तरी पोरांना पत्ता लागला नसता. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणून कुणीही मोकळा झाला असता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एकेक शब्द जपून मांडत त्यांनी करिश्माचं बोलणं जसंच्या तसं पलीकडं पोचवलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचा हात वर केला.

“माझ्या घरी पण. अंघोळीचा बंब रोज दुधाच्या पिशव्यांवर पेटतो,” ते वर्गाकडं वळून म्हणाले. “अजून कुणाकुणाच्या घरी?”

समर्थचा हात वर गेला. मग निकिताचा. बघता बघता तेवीसच्या तेवीस हात वर झाले.

पलीकडं बाई पोरांशी काहीतरी बोलल्या. मग त्या सावकाश बोलू लागल्या आणि सर मराठीत सांगू लागले. “त्या म्हणतात, आमचाही पुष्कळ कचरा जाळलाच जातो. मोठ्या कारखान्यात. त्या आगीवर आमची घरं गरम होतात. तिथं धूर गाळून सोडतात, पण आमच्या पोरांनी ती आग कधी डोळ्यांनी बघितली नव्हती. तुमचं शून्य ऐकून वाटलं होतं, आपण एकत्र करावं असं आता काही उरलं नाही. आता वर्षभराचं काम आहे. कचरा घरात येतोच किती, तो कमी कसा करायचा आणि तुमच्या आयांच्या चुलीतून तो बाहेर कसा काढायचा. कराल का आमच्याबरोबर?”

“करू की!” सरांनी इंग्रजीत काही म्हणायच्या आत करिश्मा ओरडली.

हसताहसता पोरांनी हात खाली घेतले. सर मात्र हसत नव्हते. त्यांना साहेबांची धास्ती होती. त्यांनी भीत भीत मागं बघितलं.

मागच्या खुर्चीतला एक हात अजून वर होता.

“नळदुर्गाला आमची आई अजून असंच पेटवती,” साहेब म्हणाले. “सर, वर्षाचं काम हाय म्हणल्यावर वर्षभर शाळा इथंच लागंल. तसं म्या आजच वर लिहून पाठवतो.”