गिळायचं वाक्य

"शेवटचं वाक्य तालमीत गिळायचं. ते पहिल्या प्रयोगाला, प्रेक्षकांसमोरच." दिग्दर्शक लेनर्ड थ्वेट प्रत्येक नव्या नटाला हे सांगत. यॉर्कशरमधल्या आमच्या छोट्या नाट्यगृहात त्यांनी एकतीस वर्षं नाटकं बसवली आणि तितकीच वर्षं मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंग केलं. प्रेक्षकांआधीच नाटक पुरं केलं तर ते पडतं, असं आम्ही सगळेच मानतो. रोज पहाटे चर्चला जाणारी मीसुद्धा.

त्या मंगळवारी तालमीत रोझलिंड ही नवी नटी पाठमोरी असताना भान हरपून ते वाक्य म्हणून गेली. चांगलं खणखणीत. सगळे थिजले. म्हातारा नट बर्ट्रम तर मयताला आल्यासारखा टोपी काढून उभा राहिला. पहिल्या रांगेत बसलेले लेनर्ड मात्र शांतपणे म्हणाले, "छान. उद्या दहाला."

एवढ्याच चुकीसाठी त्यांनी पूर्वी एकाला घरी पाठवलं होतं. मग आज काय झालं? बर्ट्रमच्या मते वयानं मऊ पडले. मला ते पटेना. हल्ली ते नटांच्या तोंडाकडेच बघत बसतात, हे मला आठवलं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा मुद्दाम त्यांच्या पाठीमागे थांबले आणि म्हटलं, तुमचा कोट मागून उसवलाय. खोटं नव्हतं, उसवलेलाच होता. त्यांची मान हलली नाही.

मी समोर जाऊन बसले. "कधीपासून ऐकू येत नाही?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. "हिवाळ्यापासून. नाट्यगृहाच्या मंडळाला कळलं तर हे नाटकही काढून घेतील, एडिथ."

"त्यांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

"ठाऊक आहे, म्हणून तर तुलाच सांगतोय. शुक्रवारी पहिल्या प्रयोगाला वर गॅलरीत बस, अगदी मागच्या बाकावर. तिथवर नटांचे शब्द पोचले नाहीत, तर मी स्वतःच थांबेन. फक्त खरं सांग. कीव नको करूस माझी."

मी कबूल केलं.

शुक्रवारी संध्याकाळी वही बर्ट्रमच्या बायकोच्या हाती दिली. ती माझ्याकडे बघतच राहिली. विंग सोडून चाललीस, बरं वाटत नाही की काय, असं तिनं विचारलं. बरी आहे म्हटलं, आणि दारं उघडायच्या आत गॅलरीचा जिना चढायला लागले.