दातांची आजी बर्फावर

कोणी अडखळताना दिसलं की माझे हात शिवशिवायला लागतात. बर्फाच्या स्केटिंग रिंकवर तर दर दुसरा माणूस अडखळत असतो, म्हणजे मी तिथे किती सुखात असेन ते बघा. एखादा धिप्पाड बाप्या कठड्याला मिठी मारून उभा आहे, पाय पुढे पळतायत, धड मागे राहतंय आणि बायको बाहेरून फोटो काढतेय, असं काही दिसलं की मला राहवत नाही. मी सरळ जवळ जाते आणि सांगते, खाली बघू नका, गुडघे सैल सोडा, चालत्या बसमध्ये दांडी न धरता उभे राहता ना, तसे उभे राहा.

बसचा दाखला मी उगाच देत नाही. मी जन्मभर शहराची बस चालवली. आरशात मागे उभी असलेली माणसं दिसायची. ताठ उभा राहिलेला ब्रेक दाबताच शेजारणीच्या मांडीवर जायचा आणि सैल उभा असलेला नुसता डुलायचा. माझ्या मार्गाचा शेवटचा थांबा या रिंकच्या दारात होता. परतीची वेळ होईपर्यंत मी काचेतून आतली माणसं बघत बसायची, आणि एका सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून आत शिरले. तेव्हा लेक कॉलेजात होती. आईला या वयात हे काय सुचलं म्हणून तिने आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

आता मी निवृत्त आहे आणि रिंकवर मला सगळे मावशी म्हणतात. तिथे लाल जाकीटवाला एक शिक्षक आहे, पगारी. तो मला अधूनमधून म्हणतो, मावशी, तुम्ही माझ्या पोटावर पाय आणता. मी म्हणते, अरे, मी त्यांना फक्त उभं करते, पुढचं सगळं तुझंच. आणि खरंच, मी कठड्यापासून सोडवलेली निम्मी माणसं नंतर त्याच्याकडे नाव घालतात. त्यामुळे तो तोंडदेखलं रागावतो.

दर शनिवारी माझी नात माझ्याबरोबर असते. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती जागेवर थांबलेली कोणी पाहिलेली नाही. लेक आणि जावई यांचं चष्म्यांचं दुकान आहे, शनिवारी तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून भिंगरीला सांभाळायला आम्ही दोघी आज्या येतो, मी आणि जावयाची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई.

विहीणबाई दातांच्या डॉक्टर. अजून दवाखाना चालवतात. नाकावर माशी बसू देत नाहीत. नात समोर आली की पहिलं वाक्य "आ कर", म्हणून तिने त्यांचं नाव दातांची आजी ठेवलं. मी बर्फाची आजी. विहीणबाई पहिल्या रांगेत ताठ बसायच्या, मांडीवर भिंगरीचा कोट घडी करून ठेवायच्या आणि संत्रं सोलायच्या. भिंगरी मध्येच यायची, दोन फोडी तोंडात कोंबायची आणि पळायची. चार वाक्यं बोलायलासुद्धा थांबायची नाही.

एका शनिवारी तिच्या मैत्रिणीने विचारलं, ती आजी का नाही बर्फावर येत? भिंगरी बुटाची नाडी ओढत म्हणाली, "ती फक्त कोट सांभाळते." वाईट हेतूने नाही, कोणी ऋतू सांगावा तसं सांगून टाकलं. ते मी ऐकलं. विहीणबाईंनीही ऐकलं. त्या संत्रं सोलत राहिल्या, फक्त सालीबरोबर थोडी फोडही सोलली गेली. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आतून जरा उकळ्याही फुटल्या. दोन आज्या असल्या की हे चालायचंच.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आमच्या दोघींचे निरोप एरवी लेक-जावयामार्फत जातात, त्यामुळे मी आधी घाबरलेच. कोण आजारी पडलं विचारलं. कोणी नाही, म्हणाल्या. त्यांना बर्फावर उभं राहायचं होतं. भिंगरीला कळता कामा नये, मुलाला तर नाहीच नाही. मी म्हटलं, त्यासाठी लाल जाकीटवाला आहे की.

"अनोळखी माणसासमोर मला पडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे माझ्यासमोर पडायचंय?"

"तुमच्यासमोर पडायची मला सगळ्यात जास्त लाज वाटेल. ते एकदा झालं की मग मी कोणासमोरही पडू शकेन."

बाईंची गणितं अशी असतात. मी हो म्हटलं.

मंगळवारी सकाळी रिंकवर चिटपाखरू नसतं. बूटवाल्याने त्यांना भाड्याचे बूट दिले, तर त्यांनी ते उजेडाकडे धरून आत असे निरखले, जणू त्यात कीड शोधतायत. मग बाक रुमालाने पुसून बसल्या आणि मी नाड्या आवळल्या. फाटकातून बर्फावर पहिलं पाऊल टाकलं मात्र, बाईंची पाचावर धारण बसली. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट असं धरलं की माझी बोटं पांढरी पडली. मी सवयीने म्हटलं, घाबरू नका, काही होत नाही.

"हे वाक्य मी रोज लोकांना सांगते," त्या दात आवळून म्हणाल्या. "बिचारे तोंड उघडं ठेवून विश्वास ठेवतात. मला खरं काय ते सांगा."

"खरं सांगायचं तर तुम्ही पडाल. लागेल. मग उठाल."

"हं. हे बरं," असं म्हणून त्यांनी कठडा सोडला, आणि लगेच पडल्या.

पडल्यावर त्या कण्हतील असं वाटलं होतं. त्या बसल्या जागी जरा वेळ विचार करत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. हसू आवरेना. डॉक्टरीणबाईंचे स्वतःचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. छान आहेत.

त्यानंतर आमचे मंगळवार सुरू झाले. नवशिके करतात त्या सगळ्या चुका त्यांनी इमानेइतबारे केल्या. खाली बघितलं, गुडघे ताठ ठेवले, मागे रेलल्या, तोल जाताना माझी बाही ओढून मलाही खाली घेतलं. एकदा तर आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर पडलो आणि बूटवाल्याने आतून ओरडून विचारलं, मलमपट्टी आणू की चहा? आम्ही चहा मागवला.

त्या चहावर त्या बोलत्या झाल्या. मुलगा लहान असताना त्यांचा दवाखाना नवा होता. त्या घरी यायच्या तेव्हा तो झोपलेला असायचा. सायकल त्याला शेजाऱ्यांनी शिकवली, पोहायला काकाने. "तो काहीतरी शिकून मोकळा झालेला असायचा आणि मला नंतर कळायचं," त्या म्हणाल्या. "पोराचे हात हातात आहेत आणि दोघं मिळून काहीतरी धडपडतोय, असं माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. भिंगरीच्या बाबतीत तरी यावं, एवढंच आहे." मग लगेच रुमालाने ओठ टिपले आणि चहात साखर फार आहे, दातांना वाईट, असं सांगून विषय मिटवला. मी माझा कप गुपचूप संपवला. ही बाई मला तेव्हापासून आवडायला लागली, हे मी लेकीलाही अजून सांगितलेलं नाही.

हळूहळू त्यांना यायला लागलं. जमतंय हे मला त्यांच्या आधी कळलं, कारण हातावरचं वजन कमी झालं. तरी मी हात धरूनच ठेवला. शेवटी त्याच म्हणाल्या, "विहीणबाई, सोडा आता."

मी सोडला. त्या गेल्या. जरा वाकडं, जरा हळू, पण स्वतःच्या पायांवर पार पलीकडच्या कठड्यापर्यंत. आणि मी मनात हिशोब मांडला. आजवर भिंगरीकडे एक दातांची आजी होती आणि एक बर्फाची. आता त्या दातांच्याही होणार आणि बर्फाच्याही. मग माझ्याकडे काय उरलं? बसची निवृत्त आजी? पण त्या वळून परत आल्या तेव्हा गाल लाल झाले होते, केसांचा नेटका अंबाडा सुटला होता, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही. तो प्रश्न मात्र सुटला नव्हता.

पुढच्या शनिवारी भिंगरीला चकित करायचं ठरलं. मी तिला लांबच्या टोकाला गुंतवून ठेवायचं, विहीणबाईंनी गुपचूप बूट चढवून फाटकातून आत यायचं आणि सरळ रिंकच्या मध्यावर येऊन थांबायचं. एव्हाना लाल जाकीटवाल्याला, बूटवाल्याला, सगळ्यांना ठाऊक झालं होतं. भिंगरी आ वासून विचारणार, तुला कोणी शिकवलं? आणि त्या माझ्याकडे बोट दाखवणार. त्या क्षणासाठी मी घरी आरशासमोर नम्र चेहरा करून पाहिला होता. निदान शिकवल्याचं श्रेय तरी माझं, एवढ्यावर मी मनाची समजूत घातली होती.

शनिवारी गर्दी होती. मी भिंगरीला उलटं जायला शिकवायच्या निमित्ताने दूर नेलं. पण ती भिंगरीच. मान फिरवली आणि फाटकाकडे बघून किंचाळली, "दातांची आजी बर्फावर येतेय!" मी काही म्हणायच्या आत ती सुसाट सुटली. मी मागोमाग.

विहीणबाई फाटकातून दोन पावलं आत आल्या होत्या. छान उभ्या होत्या. गुडघे सैल, मान वर, अगदी मी सांगितलं तसं. भिंगरी त्यांच्यासमोर कचकन थांबली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आजी, हलू नकोस. मी आहे. माझे हात धर."

विहीणबाईंनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, जा, दाखवा, मध्यावर जा. त्यांनी एकदा रिंकच्या मध्याकडे पाहिलं, एकदा समोर धरलेल्या त्या लोकरीच्या लाल हातमोज्यांकडे. आणि मग या बाईने, जिने आपल्याला काही येत नाही असं आयुष्यात कधी कबूल केलं नसेल तिने, गुडघे ताठ केले, पाय फाकवले आणि कापऱ्या आवाजात म्हटलं, "मला काहीच येत नाही गं. तू शिकवशील?"

भिंगरीचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. ती एकदम बोटभर उंच झाली. "खाली बघायचं नाही," तिने बजावलं. "चालत्या बसमध्ये उभी आहेस असं समज." आणि स्वतः उलटी सरकत, त्यांचे हात धरून, त्यांना ओढत निघाली.

मी कठड्याला टेकून उभी राहिले. लाल जाकीटवाला शेजारी येऊन थांबला. मावशी, यांना तर येतं ना, तो पुटपुटला. मी त्याला कोपरखळी मारली आणि गप्प बस म्हटलं. विहीणबाईंनी एकेक चूक ओळीने केली. खाली बघितलं, मागे रेलल्या, बाही ओढली. मी मंगळवारी शिकवलेलं सगळं त्या काळजीपूर्वक विसरत होत्या. एकदा पडल्याही, आणि भिंगरीने कंबरेवर हात ठेवून त्यांना उठायचं कसं ते समजावलं. दोघींचे हात सुटले तरी लगेच पुन्हा एकमेकींत जायचे. माझं श्रेय डोळ्यांदेखत पाण्यात गेलं होतं, पण रडू आलं ते त्याचं नव्हतं. एवढं गोड काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग एका फेरीत त्या माझ्याजवळून गेल्या. सवयीने माझा हात पुढे झाला, तशी भिंगरी म्हणाली, "तू मध्ये येऊ नकोस हं. तिला माझी सवय झालीय."

नाही येत, म्हटलं.

शेवटची घंटा झाल्यावर बाकावर बूट काढताना भिंगरीने मला तपशीलवार सांगितलं की दातांची आजी हुशार आहे, पण भित्री आहे, आणि आता दर शनिवारी ती स्वतः तिला शिकवणार आहे. मी म्हटलं, कमाल केलीस बाई. ती बूट परत करायला काउंटरकडे पळाली.

आम्ही दोघीच उरलो. विहीणबाई कोपर चोळत बसल्या होत्या. मी त्यांच्या नाड्या सोडायला घेतल्या आणि नजर वर न करता म्हटलं, चला, आपले मंगळवार सुटले.

"सुटले कसे?" त्या दचकून म्हणाल्या. "उलट आता खरी गरज आहे. मुद्दाम पडायचं म्हणून पडले आणि चांगलीच आपटले. ते नीट शिकवा मला. शिवाय पोरगी भराभर शिकवणार, मला तिच्यापेक्षा थोडंसंच कमी येत राहायला हवं. ते एकटीने कसं जमणार?"

मी त्यांच्या पायातला बूट ओढून काढला. मग म्हटलं, मंगळवारी जरा लवकर या, पडण्यात बराच वेळ जातो.