हुकावरची डॉक्टर ओरला

रॉस्को बीमला या प्रकरणात मिळण्यासारखं बरंच होतं. ऑर्विल स्टॅकची दोन कपाटं: आयुष्यभर जमवलेले अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे मालिकांतल्या पात्रांची खेळणी, एकाचंही पाकीट फोडलेलं नाही. लिलावात तीस हजार डॉलर सहज आले असते. त्यासाठी घालायचे होते थोडे पैसे आणि थोडी लाज. सौदा वाईट नव्हता.

ऑर्विल ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. फुप्फुसं कारखान्यानेच खाल्ली. आता नाकात नळी आणि ढकलगाडीत ऑक्सिजनचं नळकांडं. 'तारकादल' मालिकेतली सगळी मंडळी त्याच्याकडे होती, एक डॉक्टर ओरला सोडून. इस्पितळाने वसंतापर्यंतची मुदत दिली, त्या आठवड्यात तो खेळण्यांच्या दुकानातल्या माझ्या गल्ल्यासमोर उभा राहून रॉस्कोला म्हणाला, "ओरला मिळवून दे, कपाटं तुझी. पण दुकानाच्या हुकावरून हं. त्या डुएनच्या हातची घरात घेणार नाही."

डुएन म्हणजे गावोगावच्या दुकानांबाहेर दार उघडायच्या आधी उभा असणारा इसम. खोक्यात ओरला एकच येते, बाकी सगळे कॅप्टन ब्रॅक. ती एक डुएन उचलतो आणि इंटरनेटवर सहापट भावाने विकतो. मग पाकिटं टांगायच्या हुकांवर उरतो कॅप्टन. त्याला कुणी हात लावत नाही, हुक भरलेले राहतात, आणि हुक भरलेले म्हणून संगणक नवीन खोकं मागवत नाही. आमच्या दुकानात तर ओरला असलेलं खोकं कधी आलंच नव्हतं, नुसते कॅप्टन.

यावर रॉस्कोने तोड काढली. एका मंगळवारी त्याने सगळे कॅप्टन उचलून माझ्यापुढे ओतले.

"काय रे, फौज उभारतोस?" मी विचारलं.

"हुक मोकळे करतोय, मॅव्हिस. आता नवा माल येईल बघ."

आला. कॅप्टन एका दिवसात संपला म्हणजे गावाला त्याचं वेड लागलंय, असं संगणकाने धरलं, आणि पुढच्या गाडीने नुसत्या कॅप्टनची खोकी पाठवली. रॉस्को त्या हुकांकडे बघत राहिला. मागून ऑर्विल म्हणाला, "लेका, निवडणुकीला उभा कर त्याला, निवडून येईल." हसला आणि त्यातच इतका खोकला, की मला खुर्ची आणावी लागली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ऑर्विल हुकांपाशी गेला, एक कॅप्टन बाजूला सारला आणि ओरडला. एवढा आवाज त्याच्यात उरलाय असं मला वाटलं नव्हतं. मागे ओरला होती. हिरवा कोट, हातात दिवा. तो ती छातीशी धरून गल्ल्यावर आला. मागोमाग रॉस्को, हात खिशात, नजर जमिनीवर.

मी पाकीट किंमत वाचणाऱ्या यंत्रापुढे धरलं. यंत्राने नकार दिला. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. आमच्या दुकानात जी कधी आलीच नाही, तिची किंमत यंत्राला कुठून ठाऊक असणार?

आमचा व्यवस्थापक ट्रेंट आला. पोरगेलासा, पण नियमांचा पक्का. "नोंदीत नाही. विकता येणार नाही, काका. परतीच्या गाडीत जाईल."

"अरे, हुकावर होती! माझ्या हाताने काढली मी!"

"हुकावर होती म्हणजे दुकानाची. दुकानाची म्हणजे गोदामाची."

ऑर्विलने पाकीट सोडलं नाही. "बघ रॉस्को," तो म्हणाला, "सापडली होती तरी. तू शब्द पाळलास. कपाटं तुझी."

मी रॉस्कोकडे बघितलं. हिशेब माझ्याइतकाच त्यालाही कळत होता. गप्प राहिला तर ओरला गोदामात आणि कपाटं त्याच्या घरात. तोंड उघडलं तर नेमकं उलटं.

"ती दुकानाची नाही, ट्रेंट," रॉस्को म्हणाला. "माझी आहे. सकाळी मीच लावली तिथे." इंटरनेटवरच्या खरेदीची पावती त्याच्या खिशातच होती.

ट्रेंटने ती वाचली आणि निघून गेला. ऑर्विल रॉस्कोकडे वळला.

"डुएनकडून?"

"हो."

"कितीला?"

"एकशे चाळीस."

"गाढव आहेस."

"माहीत आहे."

ऑर्विलने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. त्या दिव्यावर अंगठा फिरवला. मला वाटलं, आता परत करणार. त्याने मला विचारलं, "कॅप्टनची किंमत काय गं?"

"बावीस."

"आणि कर?"

"एक डॉलर चोपन्न सेंट."

त्याने तेवढे पैसे गल्ल्याच्या फळीवर मांडले, सुट्ट्या नाण्यांसकट, आणि रॉस्कोकडे सरकवले. "हुकावरून घेतली, दुकानाच्या भावाने घेतली, कर भरून घेतली. आता माझी. पण कपाटांची गोष्ट संपली, रॉस्को. ती बहिणीकडे जातील. का, ते तुला माहितीये."

"माहितीये."

"मग घरी सोड मला."

ऑर्विल वसंताच्या आधीच गेला. बहिणीने ओरला त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवली आणि कपाटं विकून टाकली.

ओरलाचा हिशेब एवढाच, की डुएनला एकशे चाळीस मिळाले आणि दुकानाला काही नाही. ऑर्विलने तेवीस डॉलर चोपन्न सेंट दिले. बाकीचं सगळं रॉस्कोने भरलं.